पिवळी पट्टी

तिच्या बोटांना ठसे नव्हते. दहाच्या दहा बोटं नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत. सरकारी कचेरीत यंत्रावर अंगठा टेकवला की यंत्र लाल दिवा दाखवायचं, पुन्हा टेकवला की पुन्हा लाल, आणि मग खिडकीतला कारकून वैतागून विचारायचा, "बाई, अंगठा घरी विसरलात की काय?"

"कारखान्यात राहिला," ती म्हणायची.

खोटं नव्हतं ते. एकोणीस वर्षं ती मुलाम्याच्या कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या टाकीवर उभी होती. नळाच्या तोट्या, दरवाजांच्या मुठी, टॉवेल अडकवायच्या दांड्या असा माल यायचा मळकट आणि जायचा आरशासारखा. पण चकाकी चढायच्या आधी मालावरचं तेल, मळ, माणसांच्या बोटांचे डाग सगळं निघावं लागतं, आणि ते काम तिचं. आकड्यावर लटकवलेला माल उकळत्या कॉस्टिकमध्ये सोडायचा, तेल फाटून वर येईपर्यंत थांबायचं, उचलायचा, पाण्यातून काढायचा आणि पुढे ॲसिडच्या टाकीकडे ढकलायचा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बोटांचे डाग काढता काढता स्वतःच्या बोटांवरच्या रेघा कधी गेल्या ते तिला कळलंही नाही.

कारखान्यात तिला सगळे तुरटी म्हणत. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, तशी ती भांडणात फिरली की माणसं खाली बसायची. तिची फिरवायची पद्धत मात्र जरा दांडगी होती. एकदा तारेच्या टेबलावर दोघी एकमेकींच्या झिंज्या धरून होत्या, तर हिने दोघींवर थंड पाण्याची बादली ओतली आणि म्हणाली, "आता वाळेपर्यंत बोला."

त्या कारखान्यात दोन वैरी समोरासमोर नांदत होते. ॲसिडला सगळे घाबरायचे, कारण ते भीती घालूनच येतं. झाकण काढलं की धूर सोडतं, नाकात झणका मारतं, कातडीला लागलं की माणूस त्याच क्षणी किंचाळतो. ॲसिड शिव्या देत अंगावर येतं. कॉस्टिकचं तसं नाही. ते हाताला लागलं की साबणासारखं मऊ, बुळबुळीत लागतं. दोन घटका बरंसुद्धा वाटतं. आणि तो साबण तरी कशाचा झालेला असतो? तुमच्याच कातडीतल्या चरबीचा. ते गोंजारत गोंजारत आत शिरतं, आणि तुम्ही हाय म्हणता तोवर हाडाच्या वाटेवर असतं.

म्हणून ती रोज सकाळी हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेली फडक्याची पट्टी, चांगली वीतभर रुंद, एप्रनला छातीवर टाचायची. कॉस्टिकचा शिंतोडा उडाला की पिवळ्यावर लालभडक ठिपका उमटायचा. कातडीला कळायच्या आधी पट्टीला कळायचं. ॲसिडला मात्र पट्टी ढिम्म हलत नसे, उलट लाल झालेल्या ठिपक्यावर ॲसिडचा थेंब पडला तर तो परत पिवळा. बाकीचे हसायचे. "तुरटे, हा बिल्ला कुठल्या शर्यतीत मिळाला?"

"जिवंत राहायच्या," ती म्हणायची.

आणि मग मिस्त्रीची बादली. मिस्त्री म्हणजे टाक्यांवरचा सगळ्यांत जुना माणूस, साठी ओलांडलेला. ॲसिडच्या टाकीशेजारी त्याने कायम एक निळी बादली भरून ठेवलेली असायची, आणि तिला सगळे उताऱ्याची बादली म्हणत. आत कॉस्टिकचं पाणी. मिस्त्रीचा हिशेब सरळ होता: ॲसिडला कॉस्टिक मारतं, कॉस्टिकला ॲसिड मारतं, दोघं मेले की उरतं मीठ आणि पाणी. मग अंगावर ॲसिड उडालं की हात बादलीत घाला, खेळ खलास.

हिशेब खरा होता. फक्त दोघं मरतात ती जागा माणसाचं अंग असते, हे त्याने कधी धरलं नव्हतं. पहिल्याच वर्षी तिच्या डाव्या हातावर ॲसिड उडालं तेव्हा मिस्त्रीने मोठ्या मायेने तिचा हात बादलीत दाबून धरला. ॲसिड आणि कॉस्टिक एकमेकांवर तुटून पडले, आणि त्या मारामारीची सगळी आग तिच्या कातडीवर पेटली. हात शिजला. तळव्याएवढा तो डाग अजून होता, गुलाबी, चुरगळलेल्या कागदासारखा. तेव्हापासून ती रोज सकाळी ती बादली मोरीत ओतायची आणि साधं पाणी भरायची. मिस्त्री दुपारपर्यंत ते फेकून पुन्हा उतारा भरायचा.

"पाणी, मिस्त्री! धो धो साधं पाणी. अर्धा तास. बाकी काही नाही."

"तुझ्या आधीपासून मी टाकीवर आहे, तुरटे. माझ्या बादलीला हात लावशील तर याद राख."

एकोणीस वर्षं त्यांचं हे चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याची गोडी लागली होती.

तिला एक बहीण होती, बारा वर्षांनी धाकटी. आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची, तेव्हा थोरलीनेच तिला न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, परीक्षेच्या दिवसांत शेजारी बसून आपणही तिचं विज्ञानाचं पुस्तक वाचलं. धाकटी दिसायला देखणी निघाली. इतकी, की रस्त्याने दोघी चालल्या की लोक आधी तिच्याकडे बघायचे आणि मग हिच्याकडे बघून, ही बहीण असेल यावर विश्वास ठेवायला थोडा वेळ घ्यायचे. थोरलीला त्याचा हेवा कधी वाटला नाही. तो चेहरा तिने स्वतःच्या हाताने धुऊन मोठा केला होता.

धाकटीने लग्न केलं ते कारखान्यातल्या बफवाल्याशी. फिरत्या चाकावर दरवाजाची मूठ दाबून तिला घासत आरसा करायचा, हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. हातावर मूठ तोलून तो सांगायचा, किती घासली गेली आणि किती उरली. पण घरी तोच हात उठायचा. पहिल्या वर्षी थोबाडीत. दुसऱ्या वर्षी लाथ. तिसऱ्या वर्षी त्याने धाकटीचं मनगट दरवाजाच्या फटीत धरून दरवाजा लावला, सावकाश, तिच्याकडे बघत. कशासाठी? तर शेजारच्याने जिन्यात तिला वाट दिली आणि ती हसली म्हणून.

त्या दुपारी धाकटी लोंबतं मनगट दुसऱ्या हातात धरून थोरलीच्या खोलीवर आली. ओठ फुटलेला, समोरचा दात अर्धा. थोरलीने तिला हाडवैद्याकडे नेलं. हाड बसवून आणलं, तिला निजवलं, आणि दुसऱ्या दिवशी बफच्या खोलीत शिरून, चाकाचा घरघराट चालू असताना, लोखंडी आकडा त्याच्या खांद्यावर असा हाणला की तो चाकावरच आदळायचा वाचला.

"हा मनगटाचा," ती म्हणाली. "दाताचा बाकी आहे. आत्तापर्यंत मेहुणे म्हणून मी तुला तुम्ही म्हणत होते. आता तू."

तो खांदा चोळत हसला. त्याचं ते हसणं तिला आवडलं नाही.

मनगट जुळल्यावर धाकटीही कारखान्यात आली, तारेच्या टेबलावर. तांब्याच्या तारेत माल ओवून आकड्यांना लावायचा. मालक म्हणाला, बफवाल्याला मी काढणार नाही, त्याच्यासारखा हात मला दुसरीकडे मिळणार नाही. तुमचं तुम्ही बघा. बघायचं म्हणजे तो रोज येता-जाता टेबलाशी थांबायचा. एकदा वाकून, अगदी हळू, तो धाकटीला म्हणाला, "या तोंडाच्या जिवावर उडतेस ना? तोंड म्हणजे काय, घासलेला माल. एक बाटली पुरते."

धाकटीने बहिणीला सांगितलं, आणि बहीण मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री म्हणाला, "नवरा-बायकोत तू कशाला पडतेस? बोलतो माणूस रागात." मालक म्हणाला, या महिन्याचा माल निघू दे. मग दोघी पोलीस चौकीत गेल्या; तिथल्या साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजून काही झालेलं नाही ना?"

"नाही."

"मग झालं की या."

ती बाहेर आली. चौकीच्या पायरीवर तिला एकदम हसू फुटलं, आणि ते हसू बराच वेळ थांबेना. धाकटी घाबरली. "ताई, काय झालं?"

"काही नाही. झालं की या म्हणतात."

त्या दिवसापासून तिने डोळे उघडे ठेवले. आठवडा गेला, आणि एका सकाळी तिला बफवाल्याच्या पँटच्या काठाशी भोकं दिसली. बारीक, कडा कुरतडलेली, चार-पाच. बफची खोली कोरडी असते. तिथे धूळ उडते, ठिणग्या उडतात, पण अशी भोकं फक्त ॲसिड पाडतं. म्हणजे तो ॲसिडच्या कोठीत गेला होता. काढलेलं ठेवलं कुठे?

ते तिला गंजाने सांगितलं. कामगारांचे डबे-कपडे ठेवायला बोळात पत्र्याचं कपाट होतं, आठ कप्प्यांचं. सगळ्यांच्या बिजागऱ्या सारख्या जुन्या, काळपट. आणि खालच्या ओळीतल्या शेवटच्या कप्प्याची बिजागरी ताज्या संत्र्याच्या सालीसारखी. ॲसिडची बाटली कितीही घट्ट लावा, तिचा श्वास बाहेर येतोच, आणि आल्या आल्या तो लोखंडाला धरतो. तो कप्पा त्याचा होता.

जेवणाच्या सुट्टीत बोळ रिकामा असायचा. तिने आकड्याच्या टोकाने बिजागरीची कुजलेली खीळ वर ढकलली आणि कुलूप तसंच ठेवून दार बाजूने उघडलं. आत बफच्या फडक्यात गुंडाळलेली रुंद तोंडाची काचेची बाटली होती. पाण्यासारखं स्वच्छ, शेवटच्या टाकीसाठी आणतात ते कडक ॲसिड. तिने बूच जरासं सैल केलं. पांढरा धूर तिच्या चेहऱ्यावर आला. हे धाकटीच्या चेहऱ्यासाठी, तिच्या मनात आलं, आणि तिने बूच घट्ट दाबलं.

बाटली पळवून उपयोग नव्हता. तो दुसरी भरेल, आणि ती कुठे ठेवेल ते मग कोण सांगणार? ही बाटली इथेच राहायला हवी होती, भरलेली, त्याच्या समाधानासाठी. नुसतं पाणी भरून ठेवावं, हा पहिला विचार. पण तो बफवाला होता. त्याच्या तळहातात तराजू होता. पाणी ॲसिडपेक्षा हलकं. बाटली उचलताक्षणी त्याला कळलं असतं. आणि आतलं ॲसिड ओतायचं कुठे? ॲसिडच्या टाकीपाशी मिस्त्री डबा खात बसलेला. मोरीत ओतलं असतं तर धुराने अख्खा कारखाना खोकत बाहेर आला असता.

मग मिस्त्रीचाच हिशेब तिला आठवला. दोघं मेले की मीठ आणि पाणी. आणि भरपूर मीठ विरघळलेलं पाणी जड असतं.

तिने बाटली आपल्या टाकीमागे नेली. मोठ्या घमेल्यात गार पाणी, त्यात प्लॅस्टिकची बादली, बादलीत ते ॲसिड. चमचाभर मात्र एका पेल्यात बाजूला ठेवलं. मग घट्ट कॉस्टिकचं पाणी काठाकाठाने सोडायला लागली, बोटभर धार. पहिल्याच धारेला बादली फुसफुसली, एक शिंतोडा येऊन तिच्या मनगटावर चटकन बसला. तिने मनगट घमेल्यात बुडवलं आणि दुसऱ्या हाताने धार चालूच ठेवली. घमेल्यातलं पाणी कोमट झालं, गरम झालं. ते बदललं, पुन्हा धार. धूर कमी होत गेला. काडीने ढवळायचं, काडीचा थेंब पट्टीवर टेकवायचा. पिवळं. पिवळं. अजून पिवळं. घड्याळात जेवणाची सुट्टी संपायला नऊ मिनिटं. पिवळं. आणि मग एका थेंबाला पट्टी लाल झाली.

म्हणजे आता कॉस्टिक वरचढ झालं. हे जास्त वाईट. हे असंच धाकटीच्या डोळ्यांत गेलं तर? तिने पेल्यातलं ॲसिड काडीने थेंबथेंब घातलं, आणि पट्टी लालवरून पिवळ्यावर येते-न येते तिथे थांबली.

तरीही पट्टी म्हणजे शेवटी फडकं. तिने बादलीतलं पाणी निवू दिलं, ओंजळीत घेतलं, डोळे मिटले आणि आपल्याच गालावर मारलं. शंभर मोजले. गाल तसाच. मग तिने डावा डोळा उघडून त्यात दोन थेंब सोडले. उजवा राखून ठेवला, एक तरी हाताशी असावा म्हणून. डोळा कडकडून झोंबला, पाण्याने भरला, आणि उघडा राहिला. ओघळ ओठांवर आला तो खारट होता. दाट, कडवटपणाकडे झुकणारा खारटपणा. ती चव तिने जिभेवर घोळवून घोळवून पाठ केली.

टाक्यांचा दाटपणा मोजायची तरंगती काचनळी तिने ॲसिड बादलीत ओतलं तेव्हाच त्यात सोडून बघितली होती. आता या पाण्यात सोडली. केसाच्या अंतराने तिथेच तरंगली. बाटली भरली, बूच लावलं, फडकं गुंडाळलं, खीळ खाली बसवली. भोंगा झाला तेव्हा ती टाकीवर उभी होती आणि माल सोडत होती.

"तुरटे, डोळा लाल का?" मिस्त्रीने विचारलं.

"कांदा," ती म्हणाली.

धाकटीला तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धाकटीची भीती उतरली असती, आणि ती भीती रोज बघायला तो टेबलाशी येत होता. ती दिसली नसती तर त्याने बाटली तपासली असती. बहिणीला भीतीत ठेवून बहिणीला राखायचं; अकरा दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. रोज ती बिजागरीकडे एक नजर टाकायची. गंज वाढत नव्हता. अजून तीच बाटली होती.

बाराव्या दिवशी सकाळी मिस्त्री बादलीवरून भडकला. तिने नेहमीप्रमाणे ती ओतून साधं पाणी भरलं होतं. "रोज ओततेस काय? आज असा घट्ट भरतो की ओतायला हात लावशील तर हातच राहील त्यात!" आणि त्याने रागाच्या भरात पिंपातलं गार, कडक कॉस्टिक डोलाने काढून बादली काठोकाठ भरली. ती ओरडणार, तेवढ्यात तारेच्या टेबलाकडून आवाज आला.

"चल घरी."

बफवाला टेबलासमोर उभा होता. एक हात पाठीमागे.

"नाही येत," धाकटी म्हणाली. तिने हातातली तार मालाभोवती पिळली.

"शेवटचं विचारतो."

"शेवटचं सांगते."

"मग हे तोंड घेऊन कुठे जातेस तेच बघतो."

बाटली पुढे आली. थोरली धावली, पण मध्ये सहा पावलं होती. सगळं पाणी एका झटक्यात धाकटीच्या चेहऱ्यावर बसलं, टेबलावर आपटलं आणि उलट उडालं. धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि अशी किंचाळली, की चाकांचा आवाज त्यात बुडाला. "ॲसिड! ॲसिड!" बायका ओरडत मागे सरल्या, माल जमिनीवर खणखणत पडला.

आणि त्या सहा पावलांत थोरलीच्या डोक्यात एकच होतं. हीच बाटली होती ना? कालच्या रात्रीत त्याने बदलली तर नाही? धाकटी जमिनीवर पडून लोळत होती, "जळतंय, ताई, जळतंय!" ॲसिडचं पट्टी काही सांगणार नव्हती. थोरलीने तिचे दोन्ही हात हिसका देऊन बाजूला केले, तिचं डोकं घट्ट धरलं आणि गायीने वासराला चाटावं तशी त्या गालावरून जीभ फिरवली.

खारट. दाट, कडवटपणाकडे झुकणारं खारट.

"मीठ आहे," ती म्हणाली. "मीठ आहे गं. नुसतं मीठ. डोळे झोंबताहेत ते मिठाने. ऊठ, तोंड धू."

पण कारखान्यात आता दुसरी किंकाळी उठली होती. उलट उडालेलं पाणी बफवाल्याच्या डोळ्यांत गेलं होतं. ते काय आहे हे त्याला ठाऊक होतं ना, त्याच्या लेखी ते ॲसिड होतं. "माझे डोळे! गेले, माझे डोळे!" करत तो डोळे मिटून, हात पुढे करून, वर्षानुवर्षांच्या सवयीच्या वाटेने धावला. ॲसिड उडालं की उतारा. चार पावलांत तो निळ्या बादलीपाशी होता. थोरली जिवाच्या आकांताने ओरडली, "नको! त्यात नको!" त्याने दोन्ही ओंजळी भरून घेतल्या आणि तोंडावर मारल्या. पुन्हा भरल्या, पुन्हा मारल्या.

क्षणभर तो शांत झाला. ते मऊ लागतं, बुळबुळीत लागतं. "उतरलं," तो पुटपुटलाही. आणि मग धुवायला म्हणून त्याने डोळे उघडले.

त्यानंतर त्याच्या तोंडून जे निघालं त्याला ओरडणं म्हणत नाहीत. तो भिंतीवर आपटला, टाकीच्या कठड्यावर आपटला, नखांनी डोळे ओरबाडायला लागला. मिस्त्री घाबरून पांढरा पडला, आणि घाबरलेल्या माणसाला सुचतं तेच त्याला सुचलं: उताऱ्यावर उतारा. तो डोल घेऊन ॲसिडच्या टाकीकडे वळला. थोरलीने धावत येऊन, टाकीवरचा आकडा उचलून त्याच्या मनगटावर असा फटका दिला की डोल पलीकडच्या भिंतीला जाऊन लागला.

"पाणी, मिस्त्री! एकोणीस वर्षं सांगतेय! पाण्याची नळी आण!"

"मरू दे त्याला," मागून धाकटी म्हणाली. चेहरा ओला, केस चिकटलेले, आवाज थंड. "ताई, सोड. मरू दे."

थोरली एक क्षण, फार तर एक, थांबली. नाही म्हटलं तरी थांबली. दरवाजात धरलेलं मनगट तिच्या डोळ्यांसमोर होतं. मग तिने वाकून बफवाल्याचे केस मुठीत धरले. त्याने आंधळेपणाने तिची छाती धरली, एप्रन फाडत, पट्टी ओरबाडत. ती त्याला फरफटत नळापाशी घेऊन गेली, छातीवर गुडघा दिला आणि नळी त्याच्या डोळ्यांवर धरली. त्याने तिच्या हाताला चावा घेतला, दात रुतले. तिने मूठ वळून त्याच्या जबड्यावर ठोसा दिला. "डोळे उघड! उघड म्हणते!" पापण्या मिटल्या की बोटांनी ताणून उघडायची, उघड्या की पाणी. तो पाय झाडत होता. त्याचा एक बूट मिस्त्रीच्या नडगीवर बसला.

मग धाकटी आली. तिने त्याच्या बरगड्यांत एक लाथ घातली, पूर्ण जोराने, आणि लगेच खाली बसून नळी धरली.

"मला नीट धरता येते," ती म्हणाली. "तू पापण्या धर."

भिंतीवरच्या घड्याळात इस्पितळाची गाडी येईपर्यंत पाऊण तास झाला. त्या पाऊण तासात दोघी बहिणींनी एकमेकींशी एकच बोलणं केलं. धाकटी म्हणाली, "ताई, तू मला चाटलंस." आणि थोरली म्हणाली, "मग? विचारून चाटायला हवं होतं का?"

त्याचा उजवा डोळा गेला. डाव्याला माणसांच्या सावल्या दिसतात, तेवढ्या राहिल्या. डॉक्टर म्हणाले, पाणी धरलं नसतं तर तेवढ्याही नसत्या.

नवव्या दिवशी चौकीतून दोघींना आणि मिस्त्रीला बोलावणं आलं. तोच साहेब होता. त्याच्यासमोर बाटलीतल्या पाण्याच्या तपासाचा कागद आणि बफवाल्याचा इस्पितळातला जबाब होता. जबाबात लिहिलं होतं की बायकोला जरा घाबरवावं म्हणून आपण मिठाचं पाणी टाकलं, नुसती थट्टा, आणि ते मिठाचं आहे हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. तपासातही मीठच निघालं होतं.

थोरलीने सगळं सांगितलं. बिजागरी, बादली, थेंब, सगळं. साहेब ऐकत होता. मग त्याने कपाळ चोळलं.

"बाई, पुरावा तुम्हीच मारलात. मिठाच्या पाण्याला मी काय कलम लावू? तो बाहेर येईल. डोळा अधू असला तरी हात शाबूत आहेत त्याचे."

धाकटीचा चेहरा उतरला. तो चेहरा, ज्यावर एक ओरखडाही नव्हता. थोरलीने त्याच्याकडे बघितलं आणि साहेबाकडे वळली.

"साहेब, तुमच्या डोळ्यांत मिठाचं पाणी गेलं तर काय कराल?"

"काय करणार? धुवीन."

"कॉस्टिकने?"

साहेबाने मान वर केली.

"तो या धंद्यात चौदा वर्षं आहे. त्या बादलीत काय असतं ते आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. तिच्यात हात घालतात ते फक्त ॲसिड उडाल्यावर. मीठ आहे हे त्याला ठाऊक होतं, तर समोर पाण्याचा नळ सोडून तो बादलीकडे कशाला धावला? स्वतःच्या डोळ्यांवर कुणी थट्टा करतं का, साहेब?" तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेली पट्टी काढून टेबलावर ठेवली. पिवळ्या फडक्यावर चार बोटं आणि अंगठा उमटले होते. लाल आता विटून तपकिरी झाला होता, पण रेघान् रेघ दिसत होती. "हे त्याचे ठसे. बादलीतून निघाल्या निघाल्या मला धरलं तेव्हाचे. हळदीवर हा रंग फक्त कॉस्टिकच चढवतं."

साहेबाने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने मनगटावरचं काळंनिळं झाकलं. त्या बादलीबद्दल बोलायचं म्हणजे स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या गळ्यात दोर घालायचा.

"बादली माझी," तो शेवटी म्हणाला. "मीच भरली होती, घट्ट. आणि तो 'पाणी, पाणी' ओरडला नाही, साहेब. 'माझे डोळे गेले' म्हणत आला, सरळ बादलीवर. मिठाला घाबरलेला माणूस तसा धावत नाही. मी लिहून देतो. बादलीचं काय ते माझ्यावर लिहा."

साहेबाने कागद पुढे ओढला आणि लिहायला लागला. दोन पानं भरली. मग त्याने शाईची डबी थोरलीकडे सरकवली. "इथे डाव्या अंगठ्याचा ठसा."

तिने अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. उचलला तर नुसता काळा गोळा, एक रेघ नाही.

"ठसा उठत नाही तुमचा," साहेब म्हणाला.

"त्याचे उठलेत ना?" तिने पट्टीकडे बोट दाखवलं आणि पेनासाठी हात पुढे केला. "माझी सही घ्या."